तिसरं टिंब

टिंबमावशींना एक खोड आहे, आणि या वयात ती सुटायची नाही. पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाची कॉलर त्या हळूच उलटून पाहतात. बँकेची रांग असो, दवाखान्यातला बाक असो, नाहीतर बसथांबा. गेल्याच आठवड्यात औषधांच्या दुकानासमोर त्यांनी एका भल्या गृहस्थाची कॉलर उलटली. तो दचकून वळला, तर मावशी म्हणाल्या, "काही नाही हो. बघत होते, तुम्ही कुणाचे ते." गृहस्थ खिसा चाचपत घाईघाईने दुकानात शिरला. कॉलरच्या आत हल्ली कंपनीचं लेबल असतं, आणि त्यावर कपडा गार पाण्यात धुवा की कोमट, एवढंच लिहिलेलं असतं. माणूस कुणाचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मावशींना याचं फार वाईट वाटतं.

त्या एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन बंदराजवळच्या खालच्या वस्तीत आल्या. वस्तीत पाच गल्ल्या, आणि पाचही गल्ल्यांतल्या विहिरींचं पाणी खारं. साबण घासघासून हात सोलवटले तरी फेस म्हणून येत नसे. गोड्या पाण्याची विहीर एकच, ती सासऱ्यांच्या लॉन्ड्रीच्या मागे. त्यामुळे हमालापासून मास्तरांपर्यंत अख्ख्या वस्तीचे कपडे मावशींच्या हौदात यायचे. गरीब-श्रीमंत सगळे त्या एका हौदात एकमेकांच्या अंगावर लोळायचे, आणि वाळत घातले की पुन्हा आपापल्या पायरीने वागायला लागायचे.

गाठोडी आणायचं आणि पोचवायचं काम नवऱ्याचं, निशाणी घालायचं काम मावशींचं. पक्क्या काळ्या शाईत टोकदार काडी बुडवायची आणि कॉलरच्या आत, अगदी मानेशी, निशाणी काढायची. आधी उभ्या रेघा, जितक्या रेघा तितक्या क्रमांकाची गल्ली. मग घराचं एक छोटंसं चित्र, बहुतेक त्या घरच्या कामाचं: कुणाचं हातोडी, कुणाचं बुटाची टाच. आणि शेवटी टिंबं. घरातल्या कर्त्याला एक, त्याच्या बायकोला दोन, पुढे पोरं जन्मतील तशी एकेक वाढत जायची. सासूबाईंनी दोन नियम घालून दिले होते. माणूस गेलं की त्याचं टिंब बंद, ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. आणि एका घरचा कपडा दुसऱ्या घरी गेला, तर जुन्या निशाणीवर आडवी रेघ मारून खाली नवी निशाणी घालायची. मावशींनी हे दोन्ही नियम देवाच्या वर मानले. मास्तर मावशींना वाटेत भेटले तर म्हणत, "काय, आमच्या घरी सगळं ठीक आहे ना?" चेष्टा होती ती, पण अगदीच खोटी नव्हती. कुणाचा कोपर कुठे घासतो, कुणाच्या खिशात पोरांसाठी गोळ्या असतात, कुणाची उशी सकाळी ओली असते, हे मावशींना बसल्या जागी ठाऊक असे.

गंमत अशी, की त्यातली निम्मी माणसं त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. त्यांचा सगळा दिवस मागच्या अंगणात हौदापाशी जायचा. माणसं त्यांच्याकडे यायची ती गाठोड्यातून.

मग ते वादळ आलं. हवामान खात्याने त्याला छानसं नाव दिलं होतं, एखाद्या भाचीला द्यावं तसं. मावशी ते नाव घेत नाहीत. 'ते' म्हणतात. 'ते' सकाळी अकराला सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थांबलं. थांबलं तेव्हा खालच्या वस्तीत गल्ल्या मोजायच्या तर कुठून मोजायच्या, तेच कळेना. मावशी आणि त्यांचा नवरा आदल्या संध्याकाळीच वरच्या गावातल्या शाळेत पोचले होते, म्हणून वाचले. नवऱ्याने निशाण्यांची वही शर्टाच्या आत पोटाशी बांधून आणली होती. शाळेत पोचल्यावर मोठ्या ऐटीत त्याने ती बाहेर काढली, तर हातात नुसता काळा लगदा.

"वाचवली बघ," तो म्हणाला.

मावशी आधी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. त्या वादळात त्या एवढंच रडल्या, असं त्या सांगतात. ते खरं नाही, पण ते पुढे येईलच.

शाळेत त्यांच्या वाट्याला सातवी ब चा वर्ग आला. चार कुटुंबं, चार कोपरे. फळ्यावर एक अर्धवट गणित होतं, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी सक्त ताकीद दिली होती की ते कुणी पुसायचं नाही, मुलं परत आली की पुढचं सोडवतील. पंधरा दिवसांत माणसांची नावं मागे पडली आणि वर्गांवरून हाका सुरू झाल्या. "अहो पाचवी अ, तुमची बादली नळाखाली आहे!" "आठवी क च्या आजींना बरं नाही म्हणे." आयुष्यात ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, अशी माणसं आता अभिमानाने दहावीत राहत होती. शिपाई घंटा द्यायचा, एक पाण्याची, एक जेवणाची, एक आंघोळीच्या रांगेची. त्या घंटेनेच सगळ्यांना पुन्हा सकाळ-दुपार कळायला लागली, असं मावशी म्हणतात.

वरच्या गावातली माणसं एरवी खालच्या वस्तीवरून जाताना नाकाला रुमाल लावत. तीच माणसं आता पांघरुणं घेऊन दारात उभी होती. न्हाव्याने मैदानात खुर्ची टाकून फुकट दाढ्या केल्या. बेकरीवाल्याची गाडी रोज सकाळी पाव घेऊन यायची. बँकेचे मॅनेजर स्वतः वाढायला उभे राहत, आणि इतकं वाईट वाढत, की लोक त्यांच्या हातचं मुद्दाम घ्यायला जात. मापच कळत नसे त्यांना, थाळी काठोकाठ भरत. मदत सगळीच काही शहाणपणाची नव्हती. एक खोकं भरून डाव्या पायाचे बूट आले होते. टिकल्या लावलेला एक झगझगीत कोट आला होता, तो थंडी पडल्यावर सगळ्यांनी आळीपाळीने घातला.

सरकारी इस्पितळात मोठी लॉन्ड्री होती, वाफेवर चालणारे हंडे होते. तिथल्या मोठ्या सिस्टर चौथ्या दिवशी शाळेत आल्या आणि म्हणाल्या, अकरा छावण्यांचे कपडे आणि पांघरुणं उकळून धुतली नाहीत तर खाजेची साथ पसरेल. धुण्याचं काम कुणाला येतं? मावशींनी सातवी ब मधून विद्यार्थिनीसारखा हात वर केला.

सहाव्या दिवशी बसडेपोतल्या छावणीचं गाठोडं आलं. त्यातल्या एका मळक्या निळ्या शर्टाची कॉलर मावशींनी सवयीने उलटली, आणि त्या जागच्या जागी थांबल्या. दोन रेघा, बुटाची टाच, एक टिंब. दुसऱ्या गल्लीतला बूट शिवणारा! त्याची बायको सातवी ब च्या खिडकीखाली सहा दिवस भिंतीकडे तोंड करून बसली होती. अकरा छावण्यांच्या अकरा याद्या होत्या आणि त्या अकरांचं एकमेकींशी काही जमत नव्हतं. मावशी मळका शर्ट तसाच घेऊन शाळेत धावल्या. बायकोने बाही चाचपली. "हे बटण मी लावलंय," ती म्हणाली, "काळ्या दोऱ्याने. पांढरा संपला होता." दुपारी बूट शिवणारा शाळेच्या फाटकात हजर झाला, अंगात कुणा बाईचं फुलाफुलांचं जाकीट घालून. त्याचा शर्ट धुण्यात होता ना!

वाचनालयाच्या हॉलमध्ये जिल्हा कचेरीतले एक साहेब हरवलेल्यांची यादी घेऊन बसत. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, बोटाला शाई. मावशी त्यांच्याकडे गेल्या, तेव्हा ते म्हणाले, "बाई, सरकारी यादी टिंबांवर चालत नाही." तिसरं कुटुंब सापडलं तेव्हा त्यांनी मावशींसाठी खुर्ची आणवली. दहावं सापडलं तेव्हा चहा मागवला आणि सगळ्यांदेखत 'टिंबमावशी' म्हणून हाक मारली. तेव्हापासून तेच नाव पडलं. वही गेली होती, पण मावशींच्या डोक्यात सगळी वस्ती शाबूत होती. नवव्या दिवसापर्यंत एकोणीस घरं जुळली. मावशींची मान ताठ झाली. खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायला लागलं. छावणीत शिरल्या की लोक कॉलरी उलटून पुढे करत. मावशी तोंडं बघेनाशा झाल्या आणि कॉलरी बघायला लागल्या.

त्या सोमवारी मोठ्या सिस्टर एक पिवळा फ्रॉक घेऊन लॉन्ड्रीत आल्या. इस्पितळाच्या बालविभागात एक अडीच-तीन वर्षांची पोर होती. वादळानंतर तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिला झाडावरून उतरवून आणलं होतं. ती एक शब्द बोलत नव्हती. तिला न्यायला कुणी आलं नव्हतं, आणि शनिवारी राजधानीतल्या बालगृहाची गाडी तिला न्यायला येणार होती. "एकदा गेली की तिचा माग लागणं कठीण," सिस्टर म्हणाल्या. "फ्रॉकला कुणाला हात लावू देत नव्हती. आज काढलाय. बघता का?"

मावशींनी उलटून पाहिलं. शाई फिकटली होती, पण निशाणी स्पष्ट होती. चार रेघा, इवलीशी जाळी, तीन टिंबं.

"चौथी गल्ली!" मावशी ओरडल्याच. "जाळी विणणारा! तिसरं टिंब म्हणजे त्याची मुलगी!"

जाळी विणणारा आणि त्याची बायको नदीपलीकडच्या गिरणीच्या गोदामात होते. पाण्यात बापाच्या हातातून मुलगी सुटली होती, हे साहेबांच्या यादीत लिहिलेलं होतं. पोलिसांच्या बिनतारी यंत्रावरून निरोप गेला. त्या दिवशी मावशी लॉन्ड्रीत गाणं गुणगुणत होत्या, असं नवरा पुढे कितीतरी वर्षं सांगत असे, आणि दरवेळी मावशी त्याला गप्प करत.

मंगळवारी दुपारी बाप आला. निम्मी वाट त्याने चालत काढली होती. इस्पितळाच्या नळावर त्याने तोंड धुतलं, ओल्या हाताने केस बसवले. पोर घाबरू नये म्हणून. मावशी ओला पिवळा फ्रॉक हातात धरून दाराशी उभ्या होत्या. खाटेवर पोर पावाचा तुकडा चघळत बसली होती. बाप दोन पावलं आत गेला आणि थांबला.

"माझी पाच वर्षांची आहे," तो म्हणाला.

त्याने मावशींच्या हातातल्या फ्रॉकला बोट लावलं. "हा तिचाच. पण दोन वर्षांपूर्वीचा. आखूड झाला तेव्हा देऊन टाकला कुणाला तरी."

पोरीने हातातला पाव त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला, परत तिच्या हातात ठेवला, आणि आल्या पावली निघून गेला.

निशाणीवर आडवी रेघ नव्हती, कारण फ्रॉक दुसऱ्या घरी गेल्यावर पुन्हा लॉन्ड्रीत आलाच नव्हता. ते एक असो. पण पोर अडीच-तीन वर्षांची आहे, हे सिस्टरांनी सांगूनही कानात शिरू नये? चौथ्या गल्लीतलं तिसरं टिंब पाच वर्षांचं झालंय, हे कुठलीही शेजारीण सांगू शकली असती. मावशींनी निशाणी वाचली होती, पोर पाहिलीच नव्हती.

त्या दिवसापासून त्यांनी कॉलर उलटणं बंद केलं. बुधवारी गाठोडी आली तशी हंड्यात टाकली. नवऱ्याने विचारलं, "काय गं, बघत नाहीस?" त्या म्हणाल्या, "कानाला खडा." साहेबांनी बोलावणं पाठवलं, त्या गेल्या नाहीत. बुधवारी संध्याकाळी त्या बालविभागात जाऊन पोरीजवळ बसल्या आणि पहिल्यांदा तिचं तोंड नीट पाहिलं. डाव्या भुवईत एक बारीक व्रण होता. पोरीने त्यांनाही पाव देऊ केला. शनिवारला तीन दिवस राहिले होते.

गुरुवारी सकाळी मावशी बेकरीच्या गाडीत पावांच्या ट्रेमध्ये बसून नदीपलीकडे गेल्या.

गिरणीच्या गोदामात साठ-सत्तर कुटुंबं होती आणि भिंती नव्हत्या. गिरणीच्या फोरमनने जमिनीवर खडूच्या रेघा मारून प्रत्येकाला घर आखून दिलं होतं. दाराच्या जागी रेघेत वीतभर फट ठेवली होती, आणि त्या फटीशी उभं राहून "येऊ का?" विचारल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकत नसे. मावशींनी विचारलं. जाळी विणणाऱ्याची बायको आत बसली होती. तिने पाठ फिरवली. मावशी रेघेबाहेर उभ्या राहिल्या. तास गेला असेल.

"आता कशाला आलात?" शेवटी ती म्हणाली.

"चुकलं माझं."

"चुकलं?" ती उठून रेघेपाशी आली. "निरोप आला तेव्हापासून हे परत येईपर्यंत माझी मुलगी जिवंत होती. एक दिवस आणि एक रात्र. मी तिच्यासाठी जागा झाडून ठेवली. ती बघा."

मावशींनी पाहिलं. खडूच्या घरात आणखी एक छोटा चौकोन आखला होता. त्यात एक पांघरूण घडी घालून ठेवलेलं, आणि आजूबाजूची फरशी पुसून लख्ख.

मावशी तिथेच रेघेबाहेर बसल्या आणि रडल्या. लगदा झालेल्या वहीसाठी रडल्या होत्या तसं नाही. आपण किती मिरवलो, आणि कुणाच्या जिवावर, हे कळून रडल्या. बाई उभी राहून बघत होती. मग तिने विचारलं,

"ती पोर कशी आहे? रडते?"

"नाही. बोलतच नाही. येईल त्याला हातातला पाव देते."

"हे म्हणाले, घेतला नाही."

"घेतला. परत दिला." मावशींनी पदरात बांधून आणलेला फ्रॉक बाहेर काढला. "शनिवारी तिला राजधानीला नेणार आहेत. ताई, हा फ्रॉक कुणाला दिला होता, आठवतं का?"

बाईने फ्रॉक हातात घेतला. उलटला. टिंबांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"चटईवालीला," ती म्हणाली. "जुन्या पुलाखाली होड्या लागायच्या ना, त्यातली. दारावर चटया विकायला यायची. म्हातारीच्या पाठीला तान्ही नात बांधलेली होती. म्हटलं, मोठी झाली की घालील." मग तिने मावशींकडे पाहिलं. "तान्हीच्या भुवईला लागलेलं होतं. डाव्या."

तोच व्रण मावशींनी आदल्या संध्याकाळी पाहिला होता.

"आत या," बाई म्हणाली. आणि मावशी आत पाऊल टाकतात न टाकतात तोच तीच बाहेर आली. तेरा दिवसांत ती पहिल्यांदा खडूच्या रेघेबाहेर पडली होती. "चला. होडीवाल्यांना मी ओळखते. तुमच्याकडे त्यांचे कपडे कुठे येत होते!"

खरंच होतं ते. होडीवाले नदीच्या वरच्या अंगाला गोड्या पाण्यात धुवायचे. त्यांना मावशींची गरज कधी पडलीच नव्हती, म्हणून मावशींच्या डोक्यातल्या वस्तीत ते नव्हतेच. साहेबांच्या यादीतही नव्हते. दोघी वाचनालयात पोचल्या तेव्हा साहेबांनी अकराही याद्या चाळल्या. पहिल्या रकान्यात 'घर क्रमांक' लिहिलेलं होतं. ज्याला घरच नव्हतं, त्याचं घर गेलं हे लिहायचं कुठे?

साहेबांनी चष्मा काढला आणि दोरीवर सोडून दिला. "एक म्हातारी आली होती," ते म्हणाले. "दोनदा. नात हरवली म्हणत होती. मी घर क्रमांक विचारला. घर नाही म्हणाली. मी म्हटलं, मग पुढच्या खिडकीवर जा." पुढची खिडकी वाचनालयाच्या पुस्तकांची होती. साहेब उठले आणि त्यांनी बंदर खात्याच्या लाँचसाठी फोन लावला.

शुक्रवारी सकाळी लाँच नदीत वर निघाली. साहेब, मावशी आणि जाळी विणणाऱ्याची बायको. वादळात तग धरलेल्या सहा-सात होड्या वरच्या वळणावर बोरूच्या दाट गवतात लागल्या होत्या. काठावर एक म्हातारी चटई विणत बसली होती. लेक-जावई दोघंही गेले होते. विणायचं थांबलं तर हात कुठे ठेवू, हे कळत नाही म्हणाली. बायकोने तिला लांबूनच ओळखलं आणि पाण्यात उडी मारून ती चिखलातून काठाकडे गेली. मावशी लाँचमध्येच उभ्या राहिल्या. काय बोलणं झालं ते त्यांना ऐकू आलं नाही. म्हातारीच्या हातातली चटई खाली पडली, एवढं दिसलं.

दुपारी म्हातारी बालविभागाच्या दारात आली. पोरीने मान वर केली आणि हाक मारली. 'आजी' नव्हे, त्या दोघींमधलंच काहीतरी नाव होतं. तेरा-चौदा दिवसांत तोंडातून निघालेला तो पहिला शब्द. मग तिने हातातला पाव पुढे केला. म्हातारीने तो घेतला आणि उभ्या उभ्या सगळा खाऊन टाकला. मोठ्या सिस्टर भिंतीकडे वळून कपाटातल्या बाटल्या उगाच मोजत राहिल्या. जाळी विणणाऱ्याची बायको दाराबाहेरून बघत होती. आत ये म्हटलं तरी आली नाही.

शनिवारी बालगृहाची गाडी आली ती रिकामी परत गेली. सोमवारी साहेबांनी यादीच्या कागदावर पट्टी धरून स्वतःच्या हाताने नवा रकाना आखला: 'जिथे राहत होता ते ठिकाण'. दोन दिवसांत त्यात त्रेचाळीस माणसं भरली गेली. पुढे चौदा महिन्यांनी वर टेकडीच्या बाजूला नवी वसाहत झाली, तेव्हा त्याच रकान्यामुळे होडीवाल्यांनाही घरं मिळाली. साहेबांना यासाठी वरून बोलणी खावी लागली, असं ऐकिवात आहे. ते स्वतः कधी बोलले नाहीत.

नव्या वसाहतीत मावशींची लॉन्ड्री पुन्हा उघडली. बंदर खात्याने शेड दिली, इस्पितळाने जुना हंडा दिला, मुख्याध्यापिकाबाईंनी नवी वही दिली. इथल्या विहिरींना गोडं पाणी होतं, घरी धुता आलं असतं, तरी पहिल्याच दिवशी गाठोड्यांची रांग लागली. मावशींनी आता एक केलं. निशाणी घालण्याआधी त्या प्रत्येकाला समोरच्या बाकावर बसवत, घरात कोण-कोण ते विचारत, आणि तोंडाकडे नीट बघत. रांगेतले लोक कंटाळून जात.

रांगेत चटईवाली म्हातारीही होती, नातीचा हात धरून. आयुष्यात पहिल्यांदा ती धुणं द्यायला आली होती. घर मिळालं म्हणजे हेही करायचं असतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिच्यामागे जाळी विणणाऱ्याची बायको उभी होती, आठव्या महिन्याचं पोट घेऊन. म्हातारीच्या गाठोड्यात सगळ्यात वर पिवळा फ्रॉक. पोरीला तो आता आखूड होत होता. मावशींनी तो उलटला, काडी शाईत बुडवली आणि जुन्या निशाणीवर आडवी रेघ मारायला हात नेला.

मागून एका हाताने त्यांचं मनगट धरलं.

"खोडू नका," जाळी विणणाऱ्याची बायको म्हणाली.

"ताई, नियम आहे. कपडा दुसऱ्या घरी गेला की..."

"नियम तुमचा. टिंब माझ्या घरचं."

मावशींनी आवाज खाली आणला. "गेलेल्या माणसाचं टिंब दुसऱ्याला देत नाहीत हो."

"मी कुठे देतेय?" ती म्हणाली. "तिच्याजवळ होतंच."

मावशींनी म्हातारीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग मावशींनी गाठोड्यातले बाकीचे कपडे एकेक करून उलटले आणि पोरीच्या प्रत्येक कपड्यावर चार रेघा, इवलीशी जाळी आणि तीन टिंबं घातली. चौथी गल्ली तेव्हा जगात कुठेच उरली नव्हती. जाळी विणणाऱ्याच्या घरी पुढच्या महिन्यात जे बाळ आलं, त्याला चौथं टिंब मिळालं.

आता लॉन्ड्री नाही. घरोघर यंत्रं आली, हंडा भंगारात गेला, नवरा गेला त्यालाही नऊ वर्षं झाली. वसाहतीतल्या पोरांना सातवी ब म्हणजे सातवी ब, दुसरं काही वाटत नाही. मावशी शाळेवरून जातात तेव्हा घंटा ऐकायला क्षणभर थांबतात. ती पोर त्याच इस्पितळात सिस्टर आहे. तिचे कोट इस्पितळातच यंत्रात धुतले जातात, पण नवा कोट मिळाला की ती आधी मावशींकडे घेऊन येते. मावशींचा हात थरथरतो. ती त्यांचं मनगट धरते आणि दोघी मिळून टिंबं देतात. हल्ली ती जरा मोठी येतात.

गेल्या वर्षी जाळी विणणाऱ्याची बायको त्या इस्पितळात शेवटचं आजारी होती. माणसं ओळखू येईनाशी झाली होती. पोटच्या मुलालाही 'तुम्ही कोण?' म्हणून विचारायची. सिस्टर ड्यूटी संपली तरी खाटेपाशी थांबे. एका सकाळी नवीन डॉक्टर आले आणि सिस्टरला म्हणाले, "तुम्ही यांच्या कोण?"

खाटेवरच्या म्हातारीने उशीवरून हात उचलला, तिला खाली वाकवलं, आणि तिच्या पांढऱ्या कोटाची कॉलर उलटली. डोळे अधू झाले होते, म्हणून नाकाशी धरून बघितली. मग बोटाने मोजलं. एक. दोन. तीन.

"आमची आहे," ती डॉक्टरांना म्हणाली. "मोठी."

मावशी शेजारच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "बरोबर आहे. लिहून घ्या."